कलप लावण्याआधी वहीत हिशेब मांडा

भांग पाडताना कानशिलापाशी पहिला पांढरा केस सापडतो, तो दिवस बहुतेकींच्या लक्षात राहतो. मग तो उपटायचा की ठेवायचा, यावर घरात चर्चा झडते. एक उपटला की सात येतात, असं सासूबाई सांगतात. तसं काही होत नाही. एका मुळातून एकच केस येतो आणि उपटला तरी पुन्हा पांढराच येतो. मात्र वारंवार उपटल्यानं ते मूळ दुखावतं आणि तिथले केस विरळ होतात. तेव्हा सासूबाईंचं कारण चुकलं तरी सल्ला बरोबर आहे.

एकाचे दहा होतात, दहाचे पन्नास. मग घरात एखादं कार्य निघतं, फोटोंची धास्ती वाटू लागते आणि एका दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाची पुडी येते. कुठली? शेजारीण वापरते ती, नाही तर जाहिरातीतल्या बाईचे केस छान दिसतात ती. गंमत बघा, साडी घ्यायची तर आपण चार दुकानं पालथी घालतो, पदर उलगडून उजेडात बघतो, रंग जाणार नाही ना म्हणून दुकानदाराला तीनदा विचारतो. आणि जो रंग पुढची पंधरा-वीस वर्षं डोक्यावर वागवायचा, तो पाच मिनिटांत घेऊन मोकळ्या!

पंधरा-वीस वर्षं हे मी उगाच म्हणत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आज डोकं काळंभोर केलं, तरी तीन-चार आठवड्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ उमटते. मुळात विखुरलेले पांढरे केस एवढे नजरेत येत नव्हते, पण काळ्याभोर केसांना लागून असलेली ही रेघ समोरच्याला पहिली दिसते. म्हणून एकदा सुरुवात झाली की दर महिन्याला ते काम मागे लागतं. तेव्हा कुठला रंग मला शोभेल, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. दर चार आठवड्यांनी मी किती पैसे आणि किती वेळ देऊ शकेन, ते आधी बघा.

तेरा वेळा

वर्षाचे आठवडे बावन्न. चार आठवड्यांनी एकदा म्हटलं तर तेरा वेळा झाले. किराण्याच्या वहीतच एक पान काढा आणि एका वेळच्या खर्चाला तेरानं गुणा. समजा तुमच्या गावात पावडरच्या डायची पुडी वीस रुपयांना मिळते, तर वर्षाचे २६० रुपये झाले. क्रीमचं छोटं पाकीट चाळीसला धरलं, तर ५२०. अमोनिया नसलेला डबीतला रंग तीनशेचा असेल, तर ३,९००. पार्लरमध्ये नुसती मुळं रंगवायला बाराशे घेत असतील, तर १५,६००. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. गावाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे दर बदलतात, तेव्हा आपल्या इथले दर घालूनच गुणाकार करा. पण गुणाकार कराच. बाराशे रुपये ऐकायला जड वाटत नाहीत, पंधरा हजार सहाशे म्हटलं की जरा थांबायला होतं.

वेळेचंही तसंच. घरी क्रीम लावायचं तर कालवणं, लावणं, थांबणं, धुणं आणि न्हाणीघराची फरशी घासणं धरून दीड तास सहज जातो. मेंदी म्हणजे अर्धा दिवसच. चार तास धरले तर वर्षाचे बावन्न तास होतात. घरी असणारीला हे जमतं, डोक्याला मेंदी बांधून ती डाळ-तांदूळ निवडते, कपाटं आवरते. सकाळी सातची लोकल गाठणारीला ते जमणार नाही. तिचा रविवार आधीच आठवडाभराच्या कामांनी भरलेला असतो.

यात एक बचत मात्र हमखास आहे, आणि ती फार थोड्याजणी करतात. दर वेळी सगळे केस रंगवायचे नसतात! पहिल्यांदा सगळे रंगवावेत, त्यानंतर नवीन आलेली मुळं तेवढी. तुमची वेणी कंबरेपर्यंत, म्हणजे साठ सेंटिमीटर धरली, तर तिचं टोक चार-पाच वर्षांपूर्वीचं असतं. इतकी वर्षं ऊन, पाणी, फणी सोसलेल्या त्या केसांवर दर महिन्याला पुन्हा रंग चढवला, तर ते गवतासारखे कोरडे होतात आणि रंगही नको इतका गडद बसतो. मुळांपुरता रंग कालवला, तर अर्ध्या पाकिटात भागतं. उरलेलं न कालवलेलं अर्धं पुढच्या महिन्यासाठी ठेवता येतं का, ते पाकिटावर वाचावं. पावडर दमट हवेत खराब होते, हे कोकणातल्या आणि मुंबईच्या बायकांना सांगायला नको.

पुडीत असतं काय?

टिकाऊ रंग केसाच्या आत शिरतो, म्हणून टिकतो. अमोनियासारखं तिखट द्रव्य केसावरचं बारीक खवल्यांचं आवरण सैल करतं. मग रंगाचे लहान, बिनरंगी कण आत जातात. त्यांच्याबरोबरचं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडतं, ते मोठे आणि रंगीत होतात आणि पुन्हा बाहेर पडू शकत नाहीत. पॅरिसमध्ये १९०७ साली यूजीन श्युलर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञानं असाच रंग करून केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. पुढे त्याचीच लॉरिआल कंपनी झाली. शंभराहून अधिक वर्षं उलटली, डब्या बदलल्या, वास सुधारला, पण काळ्या रंगाचं मूळ सूत्र फारसं बदललेलं नाही.

त्या सूत्रातलं मुख्य द्रव्य म्हणजे पॅरा-फेनिलीन-डायअमाइन. थोडक्यात पीपीडी. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

'अमोनिया नाही' असं डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते बहुधा खरंही असतं. अमोनियाऐवजी त्याच्याच जातीचं कमी वासाचं द्रव्य घातलेलं असतं. डोळे चुरचुरत नाहीत, घरभर वास सुटत नाही, हा फायदा आहेच. पण अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असं मुळीच नव्हे. जास्त पैसे मोजताना आपण कशासाठी मोजतो आहोत, हे ठाऊक असलेलं बरं.

याखेरीज थोडे दिवस टिकणारे रंगही मिळतात. ते केसाच्या वरवरच बसतात आणि आठ-दहा न्हाण्यांत हळूहळू उतरतात. दहा-पंधरा टक्केच केस पिकले असतील, तर सुरुवातीला हे उत्तम. त्यात मुळांची रेघ ठळक होत नाही आणि कंटाळा आला तर सोडूनही देता येतं. डोकं निम्म्याहून अधिक पांढरं झालं असेल, तर मात्र हे रंग पुरे पडत नाहीत.

मेंदी काळी नसते

'आम्ही बाई डाय-बिय काही लावत नाही, आपली काळी मेंदी लावतो,' असं सांगणाऱ्या निम्म्याजणी प्रत्यक्षात डायच लावत असतात, आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

मेंदीच्या पानात एकच रंग असतो, आणि तो केशरी-तांबडा. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीचं एवढं नाव आहे, २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तीसुद्धा पांढऱ्या केसावर केशरी-तांबडीच चढते. काळ्या केसावर तिची नुसती तांबूस झाक दिसते. लोखंडी कढईत आवळकाठी आणि चहाचं पाणी घालून रात्रभर भिजवली की रंग गडद होतो, तपकिरीकडे झुकतो, पण काळाभोर होत नाही. तेव्हा जी 'मेंदी' अर्ध्या तासात पांढरे केस काळे करते, तिच्यात मेंदीखेरीज दुसरं काही तरी आहे, आणि ते बहुतेक वेळा पीपीडीच असतं. पुडीच्या पाठीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ते लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचा, नाही तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा.

पीपीडी सगळ्यांनाच बाधतं असं नाही. कित्येकजणी वर्षानुवर्षं वापरतात आणि काही होत नाही. पण ज्यांना बाधतं त्यांना वाईट बाधतं. रंग लावल्यावर काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी कपाळ, कान, मान खाजायला लागते, पुरळ उठतं, पापण्या सुजतात. दिवस मध्ये गेल्यामुळे बाई त्याचा संबंध रंगाशी लावत नाही; काल खाल्लेल्या वांग्याला दोष देते. पुढच्या महिन्यात पुन्हा रंग लावते आणि या वेळी सूज दुप्पट येते. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही, असंही नाही. आणि ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सुटत नाही. कंपनी बदलून उपयोग नसतो, कारण द्रव्य तेच किंवा त्याचं भावंड असतं.

यावर उपाय म्हणजे आधी करायची चाचणी. रंग लावायच्या दोन दिवस आधी चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच मिश्रण करा, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि अठ्ठेचाळीस तास वाट पाहा. खाज, लाली, फोड काही आलं तर ते पाकीट केराच्या टोपलीत टाका. चाळीस रुपये गेले तर जाऊ देत. कंपनी बदलली, छटा बदलली, तर चाचणी पुन्हा करा. पार्लरमध्येही आधी करून मागा. तोंडावर सूज आली किंवा श्वास लागला, तर घरगुती लेप लावत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

मुलींच्या बाबतीत एक सांगायचं. जत्रेत, सुट्टीच्या सहलीत हातावर काळ्याशार मेंदीची नक्षी काढून देतात. त्या काळ्या मेंदीतही बरेचदा हेच द्रव्य भरपूर घातलेलं असतं. लहान वयात त्वचेला त्याची बाधा झाली, तर ती मुलगी मोठेपणी केसांना रंग लावेल तेव्हा पहिल्याच खेपेला तिचा चेहरा सुजू शकतो. साधी लाल मेंदी काढावी, ती काळी नको.

आणि डाय कुठे ठेवता? फडताळात, तेलाच्या बाटलीशेजारी? तिथून तो आजच हलवा. हा रंग पोटात गेला तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या देशात अशानं माणसं दगावलेली आहेत. कुलपाच्या कपाटात वरचा कप्पा हीच त्याची जागा.

खरोखरच पीपीडी टाळून काळा रंग हवा असेल, तर वाट आहे, पण ती लांबची. आधी नुसती शुद्ध मेंदी लावायची, ती धुवायची आणि वर निळीच्या पानांची पावडर लावायची. कपड्यांना घालायची नीळ नव्हे हो! ही वनस्पतीची पावडर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते, पाकिटावर बहुधा 'इंडिगो' लिहिलेलं असतं. ती कोमट पाण्यात आयत्या वेळी कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावावी लागते आणि दीड-दोन तास ठेवावी लागते. धुतल्यावर पहिल्या दिवशी केसांवर हिरवट झाक दिसते. घाबरू नका, एक-दोन दिवसांत ती गडद होते. मात्र घरात लग्न असेल तर आदल्या रात्री हा प्रयोग नको, चार दिवस आधी करा. तिथेही पुडीवरची यादी वाचायचीच. एकच वनस्पती लिहिलेली असेल ती पुडी घ्यावी.

कोणती छटा?

आता छटेकडे वळू. पाकिटावर आकडा असतो. १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ म्हणजे तपकिरी. आकडा चढेल तसा रंग फिका. बिंदूनंतरचा आकडा झाक सांगतो, पण तो प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, म्हणून रंगीत चित्राशी ताडून बघावं.

माझं स्पष्ट मत असं, की चाळिशीनंतर १ नंबरचा कुळकुळीत काळा घेऊ नये. चेहरा बदललेला असतो, त्याभोवती केसांची काळी चौकट केली की वय कमी दिसण्याऐवजी थकवा जास्त दिसतो. शिवाय मुळांची रेघ काळ्यात सगळ्यात लवकर दिसते. गडद तपकिरी, म्हणजे ३ किंवा ४, आपल्याकडच्या बहुतेक केसांत मिसळून जातो, आणि एखादा आठवडा उशीर झाला तरी चालून जातं. तेराच्या ठिकाणी दहा वेळांत वर्ष निघतं! आणखी एक कारण आहे. साधारणपणे रंग जेवढा गडद, तेवढं त्यात पीपीडी जास्त.

उलट, आपल्या मूळ केसांपेक्षा बराच फिका रंग हवा असेल, सोनेरी बटा वगैरे, तर आधी केसांतला मूळचा रंग उडवावा लागतो. ते घरी करू नये. ज्या बाईनं रंगीत खडीमेंदी किंवा कुठलीशी अनामिक पुडी लावलेली असेल, तिनं तर पार्लरमध्ये ते आधी सांगावं, कारण काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात.

राहणीप्रमाणेही निवड बदलते. बोअरच्या जड पाण्यानं न्हाणारीचा रंग लवकर विटतो. पोहायला जाणारीचा क्लोरीनमुळे विटतो. रोज उन्हात स्कूटरवर हिंडणारीनं डोक्याला कापड बांधलं, तर रंग आणि केस दोन्ही वाचतात. रोज डोक्यावरून पाणी घेणारीनं महागडा रंग घेऊन पैसे पाण्यात घालू नयेत. आठवड्यातून दोनदा न्हायचं, पाणी कढत घ्यायचं नाही, एवढं पाळलं तरी रंगाचं आयुष्य वाढतं.

कर्करोगाची भीती पुष्कळजणी बोलून दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असं म्हटलं, की स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबद्दल ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही. मात्र दिवसभर हेच काम करणाऱ्या केशकर्तनकारांना धोका संभवतो. तेव्हा पार्लरमधली पोरगी उघड्या हातांनी रंग कालवत असेल, तर तिला हातमोजे घालायला सांगा. ती तुमच्या मुलीच्या वयाची असते. गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय रंग लावू नये. आणि पंचविशीच्या आतच केस पिकू लागले, तर आधी रक्त तपासून घ्यावं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड असू शकतो. पुडीनं तो झाकला जाईल, बरा होणार नाही.

आणि नकोच असेल तर?

नवऱ्याचे केस पिकले की तो भारदस्त दिसतो, बायकोचे पिकले की 'हल्ली तब्येत बरी नाही का?' म्हणून विचारतात. हे असं आहे खरं. म्हणून कुणी हौसेनं रंग लावला तर तिला नावं ठेवायचं कारण नाही, आणि नाही लावला तर तिला रंगाची पुडी भेट देण्याचंही नाही. इंदिरा गांधींच्या काळ्या केसांतली ती पांढरी बट साऱ्या देशानं पाहिली, ती त्यांची ओळखच होऊन गेली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, पार्लरं बंद पडली, तेव्हा कित्येकींनी पहिल्यांदाच स्वतःचे खरे केस पाहिले आणि त्यातल्या काहीजणींनी ते तसेच ठेवले.

सोडायचं ठरवलं तर अडचण येते ती मधल्या काळात. महिन्याला सेंटिमीटरभर या हिशेबानं खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात. केस आखूड कापायला तयार असाल, तर आठ-दहा महिन्यांत मोकळ्या. नसाल, तर दर खेपेला छटा एक-एक नंबरानं फिकी करत न्या, किंवा रंग बंद करून थोडे दिवस टिकणारा रंग मुळांवर लावा, म्हणजे रेघ बोथट होते. ज्यांना केशरी झाक चालते, त्यांना या काळात साधी मेंदी बरी. हे सुरू करायला सणावाराचे, लग्नसराईचे दिवस निवडू नका, नाही तर प्रत्येक हळदीकुंकवाला तेच उत्तर द्यावं लागेल.

रंग लावायचाच ठरला, तर जुना गाऊन, जुना पंचा, कपाळाच्या आणि कानाच्या कडेनं व्हॅसलीनचं बोट आणि हातांत मोजे. डोक्यावर जखम, खरूज असेल तर तो महिना सोडून द्या. भुवयांना आणि पापण्यांना हा रंग कधीही लावू नका, डोळ्याला इजा होते. पाकिटावर तीस मिनिटं लिहिलं असेल तर तीसच. रंग पक्का बसावा म्हणून तासभर ठेवला तर केस आणि कातडी दोन्ही भाजतात. मागचं डोकं स्वतःला दिसत नाही, तिथे शेजारच्या वहिनींना बोलवा आणि पुढच्या रविवारी त्यांचं तुम्ही करा. उरलेलं कालवलेलं मिश्रण झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो, बाटली फुटू शकते. ते सरळ मोरीत टाका, वर भरपूर पाणी ओता, आणि फरशीवरचे डाग वाळायच्या आत पुसून घ्या.